श्वासमेळ

"श्वास ऐकू येता कामा नये, निर्मलाबाई. लोकांना बातमी ऐकू आली पाहिजे, तुमची छाती नव्हे."

दीक्षित सरांचं हे वाक्य अजून माझ्या उजव्या कानात आहे. पहिल्यांदा ते तिथेच आलं होतं, कानात खोचलेल्या बटणातून, बावीस वर्षांपूर्वी. मी 'प्रांगण' वाहिनीवर पहिलं बातमीपत्र वाचत होते. एका शब्दाला अडखळले, आणि सावरताना घाईने ओढलेला श्वास माइकने पकडला. सर काचेपलीकडे बसले होते. त्यांनी आवाज चढवला नाही. पुढची बातमी सुरू व्हायला चार सेकंद होते, त्यातले तीन त्यांनी मला दिले.

मंत्र घ्यावा तसं मी ते वाक्य घेतलं. विष्णुसहस्रनाम आईकडून आलेलं, रोजचं. नाव न तोडता श्वास कुठे घ्यायचा हे लहानपणीच अंगवळणी पडलं होतं. तेच बातम्यांना लावलं. शिवाय एक नेम धरला: सकाळी उठल्यापासून दुपारी एकच्या बातमीपत्रापर्यंत मौन. दूधवाल्यापासून ऑफिसच्या दरवानापर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं की बाई एकपर्यंत खुणेने बोलतात. पाठ मनातल्या मनात, दिवसाचा पहिला शब्द बातमीपत्रातला 'नमस्कार'. पाच-सहा वर्षांत माझा श्वास माइकलाच काय, मलाही ऐकू येईनासा झाला. नव्या मुलींना माझी बातमीपत्रं ऐकवत. शोधा म्हणत, बाई श्वास कुठे घेतात ते. कुणाला सापडत नसे.

लग्न केलं नाही. पंचवटीत घरी मी आणि अण्णा, माझे वडील. अण्णा जमीनमोजणी खात्यात होते. साखळी आणि खुंट्या घेऊन अर्धा जिल्हा पायांनी मोजलेला माणूस. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे. फुप्फुसं ताठरली आहेत, नाकाला प्राणवायूची नळी असते, आणि बोलणं तीन-चार शब्दांच्या तुकड्यांत. दिवसभर यमुनामावशी त्यांच्यापाशी असतात, इगतपुरीकडच्या. मी वाचायला लागले त्या दिवसापासून अण्णांनी एकची बातमी चुकवलेली नाही. संध्याकाळी घरी गेले की मी विचारायचे, "आज कशी झाली?" ते शाबासकीचा हात वर करायचे. मला मिळालेल्या सगळ्या मानचिन्हांपेक्षा तो हात मोठा होता.

मग नवे पडदे आले.

त्यामागचं शास्त्र अवघड नाही. माणूस मन लावून दुसऱ्याचं ऐकतो तेव्हा त्याचा श्वास नकळत बोलणाऱ्याच्या विरामांशी जुळत जातो. बोलणारा थांबला की ऐकणाऱ्याची छाती भरते. भजनाला बसलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. नवं होतं ते मोजणं. नव्या पडद्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढं एक रडार असतं. विमानतळावर असतं त्याच जातीचं, पण इतकं सौम्य की अंगाला कळत नाही. गाडीच्या मागच्या सीटवर झोपलेलं मूल विसरलं तर सूचना द्यायला ते आधीपासून वापरात होतंच. त्याच्या लहरी छातीवर आपटून परत येतात. छाती केसभर हलली तरी परतीच्या लहरीत फरक पडतो. म्हणजे खोलीत किती माणसं आहेत आणि प्रत्येक जण कसा श्वास घेतोय हे पडद्याला कळतं. वाचणारीचे विराम त्याच्याकडे असतातच. शंभरातले किती विराम आणि किती श्वास एकमेकांवर पडले, तो आकडा म्हणजे श्वासमेळ.

ज्यांनी हा शोध लावला त्यांनी एवढंच म्हटलं होतं की ऐकणाऱ्याचा श्वास जुळतो. मेळ जास्त म्हणजे विश्वास जास्त, हे वाहिन्यांनी जोडलं. किती लोक बघतात हे विचारणंच बंद झालं. किती लोक तुमच्याबरोबर श्वास घेतात, ते सांगा.

आमचे प्रमुख गौतम शहाणे यांनी स्टुडिओत पाच काचेच्या खोल्या बांधल्या. एकच बातमीपत्र पाच जणी पाच खोल्यांतून एकाच वेळी वाचणार. प्रत्येक घरचा पडदा पंधरा दिवस पाचही जणी आळीपाळीने दाखवून बघणार, आणि ज्या आवाजाशी त्या घराचा मेळ बसेल तीच त्या घराची निवेदिका.

"स्थळं बघण्यासारखं आहे," शहाणे म्हणाले होते. "पत्रिका जुळली की झालं."

"आणि एखादीची कुठेच जुळली नाही तर?" मी विचारलं.

"तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नाही, निर्मलाताई." ते हसले. हसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी वयाने आणि नोकरीनेही मोठी, म्हणून श्वासखुणा करायचं काम माझ्याकडे आलं. वाचायच्या मजकुरात एक उभी रेघ म्हणजे अर्धा श्वास, दोन रेघा म्हणजे पूर्ण. प्रत्येकीची छाती वेगळी, म्हणून प्रत्येकीच्या खुणा वेगळ्या. रोज साडेअकरा ते साडेबारा मी मौनात पाचही प्रती घेऊन बसायचे. मुली त्या खुणांवर डोळे मिटून चालायच्या. काचेसमोर सरकत्या मजकुराबरोबर वाचताना विचार करायला वेळ नसतो. रेघ दिसली की थांबायचं, एवढंच.

चौथ्या खोलीत हर्षाली धनवडे होती. इचलकरंजीची, सव्वीस वर्षांची, वडील यंत्रमागावर कामाला. पहिल्याच दिवशी मी तिला बाजूला घेतलं.

"तुझा श्वास ऐकू येतो. मोठ्या वाक्याआधी सूं करून."

"व्हय की ताई," ती म्हणाली. "ल्हानपणी दमा होता. दमा गेला, ह्यो राहिला बघा मागं."

"घालवावा लागेल."

"घालवू की. तुम्ही सांगाल तसं."

मी तिला महिनाभर शिकवलं. प्राणायाम, नाव न तोडता पूर्ण श्लोक, सगळं. सूं काही गेलं नाही. मग पहिल्या तिमाहीचे आकडे आले आणि शहाणे यांनी मला बोलावून सांगितलं, "तिला शिकवणं थांबवा, ताई. आहे तशी राहू दे."

हर्षालीचा मेळ अडुसष्ट होता. माझा एक्कावन्न.

कारणही त्यांनी समजावलं. तिचा श्वास ऐकू येतो म्हणून ऐकणाऱ्याच्या छातीला इशारा मिळतो. आता घे, असा. माझा ऐकूच येत नाही, तर लोक जुळवणार कशाशी? बावीस वर्षं ज्याच्यासाठी जीभ आवळून बसले, तेच वजा झालं होतं.

मी मान डोलावून बाहेर आले. मला मोठ्याने बोलता येतच नाही, घरातही नाही. पण त्यानंतर मला हर्षालीच दिसू लागली. तिचा चेहरा शहराच्या बसगाड्यांवर आला. निफाडच्या एका आजींनी तिला स्वेटर विणून पाठवला, वर चिठ्ठी: पोरी, थंडीत श्वासाला जप. कँटीनमध्ये ती बसे त्या टेबलाशी खुर्च्या कमी पडत. ती हसली की आख्ख्या मजल्याला कळायचं. आणि मला बघताच उठून उभी राहायची, "या ताई, बसा," म्हणत आपली खुर्ची पुढे करायची. त्या खुर्चीवर बसताना मला जे व्हायचं ते सांगायला बरं वाटत नाही. पहाटे जपाला बसले की एकशे आठ मण्यांतले निम्मे तिच्या नावाचे जायचे. मी पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करायचे. एक दिवस चार वेळा केलं.

तरी एक आधार होता. बाहेर काही होवो, एक घर माझं आहे, असं मी मनाशी म्हणायचे.

रविवारी एकचं बातमीपत्र नसतं आणि माझी सुट्टी तेवढीच, त्यामुळे एकच्या वेळी मी घरी कधी असतच नसे. मग एका गुरुवारी माझा घसा बसला. शहाणे यांनी संध्याकाळच्या एका मुलीला माझ्या खोलीत बसवलं आणि मला घरी पाठवलं. एकला पाच मिनिटं कमी असताना मी दारात पोचले. यमुनामावशींनी दार उघडलं आणि तिथेच उभ्या राहिल्या, जणू परकं माणूस आलंय आणि आत घ्यावं की नाही.

"ताई, तुम्ही आत्ता कशा?"

मी गळ्याकडे बोट दाखवलं आणि आत गेले. अण्णा उशीला टेकून बसले होते. एक वाजला. पडदा आपोआप उजळला.

"नमस्कार, मी हर्षाली धनवडे."

सूं.

अण्णांची छाती तिच्याबरोबर भरली. ती वाचू लागली, तशी हळू रिती झाली. ती थांबली, पुन्हा भरली. चेहरा शांत होता. देवळात पालखी टेकल्यावर माणसाचा होतो तसा. अर्धा तास मी दाराला टेकून बघत राहिले. त्यांना मी आल्याचंही कळलं नाही.

स्वयंपाकघरात यमुनामावशींनी पदराशी चाळा करत सांगितलं, "दीड वर्स झालं, ताई. पडद्यानंच लावून दिली ती. बदलता येतं म्हंत्यात, पण मला काय कळतंय त्यातलं. आन् खोटं कशाला बोलू? तिच्या टायमाला बोटाच्या यंत्रावर ब्याण्णवचा आकडा असतो. तुमच्या टायमाला अठ्ठ्याऐंशी याचा. डाक्टर म्हन्ले, हेच चालू द्या, तेवढा अर्धा घंटा तरी बाबांना बरा जातो. मग मी तरी काय करू?"

"मला सांगायचं."

"बाबांनी हात जोडले माझ्याफुडं. म्हन्ले, नको सांगू."

म्हणजे दीड वर्ष रोज संध्याकाळी तो हात वर होत होता, आणि दुपारी माझं बातमीपत्र बघितलेलंच नसायचं. नवरा दुसरीकडे जातो तेव्हा बायकांना काय होत असेल, हे मला त्या दिवशी कळलं. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, आणि बापामुळे.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मी पाच प्रती घेऊन बसले. चार नेहमीसारख्या केल्या. पाचवीत, हर्षालीच्या, पहिल्या वाक्याच्या शेवटची दुहेरी रेघ उचलली आणि दोन शब्द पुढे ठेवली.

एवढंच. दोन शब्द. वाक्याच्या शेवटी छाती रिती होते, तिथे थांबा नाही. पुढचं वाक्य सुरू झालं की मग थांबा. कुणी वाचून बघितलं असतं तर नजरचूक वाटली असती. असे नऊ थांबे मी त्या दिवशी हलवले. नंतर बारा, पंधरा. हर्षाली रेघ आली की थांबायची. ताईंनी केलंय म्हणजे काही विचार असणार, असं तिला वाटत असे, हे तिनेच मला नंतर सांगितलं. तिचं ते प्रसिद्ध सूं आता भलत्या जागी येऊ लागलं, आणि लाखभर घरांतल्या छात्या त्या इशाऱ्यावर भलत्या वेळी भरू लागल्या.

आठवड्याभरात तिचा मेळ अडुसष्टवरून एकोणसाठवर आला. मग बावन्न. मग त्रेचाळीस. काही घरांत पडद्यांनी निवेदिका बदलायला सुरुवात केली आणि माझा आकडा पन्नाशीच्या वर चढला. कँटीनमध्ये तिच्या टेबलाशी खुर्च्या मिळू लागल्या. हे मी रोज मोजत असे.

हे एकूण एकोणीस बातमीपत्रं चाललं. त्या दिवसांत माझा एकही नेम चुकला नाही. तुळशीला पाणी, सहस्रनाम, मौन, दोन एकादश्या, सगळं यथासांग. सोवळ्यातल्या हातांनीच मी दुपारी त्या रेघा हलवत होते आणि मला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

दुसऱ्या एकादशीला बातमीपत्रानंतर हर्षाली माझ्या टेबलाशी आली. हातात डबा.

"राजगिऱ्याचे लाडू हायत, ताई. आज तुमची एकादशी न्हवं? आईनं पाठवलेत, तुमच्यासाठी म्हणून."

"ठेव."

ती ठेवून गेली नाही. उभी राहिली.

"ताई, माझं काय चुकतंय हो? खुणा बघून वाचते, तर मधेच धाप लागल्यागत हुतंय. पयल्यासारखं न्हाई येत."

"नवी पद्धत आहे. धीर धर."

"धरीन की." तिने खालचा ओठ दातांत धरला. "खरं साहेब म्हणत हुते, पुढच्या महिन्यापासनं चारच खोल्या. सोमवारी ठरवणार. माझं गेलं तर बाबांना परत मागावर बसावं लागंल, गुडघं गेलेत त्यांचं. तुम्ही साहेबांशी बोलाल का एकदा? म्हणजे, तुमचं ऐकतात ते."

"बघते," मी म्हणाले.

ती वाकून पाया पडली. भर ऑफिसात. मी पाय मागे घेतले नाहीत. लाडूही खाल्ला. चांगला होता, आणि त्याचाही मला राग आला.

त्याच सुमाराला घरी अण्णांचा खोकला वाढला. डॉक्टरांनी औषध बदललं, प्राणवायूचा प्रवाह वाढवला. फरक पडेना. एक दिवस यमुनामावशी म्हणाल्या, "ताई, मला येडी म्हनाल. पन बाबांचा खोकला बातम्या लागल्या का सुरू व्हतो. बारापत्तूर माणूस ठणठणीत."

मी त्यांच्याकडे बघितलं. मग देवघराकडे. कळायचं ते कळलं, आणि तरी मनाने दोन दिवस वेगळी कारणं शोधली. हवा बदलली. धूळ आहे. वय आहे. ते दोन्ही दिवस मी रेघा हलवल्या.

शुक्रवारी रजा टाकली, पण हर्षालीची प्रत सकाळीच घरून करून पाठवली. नेहमीसारखी. म्हणजे त्या दिवसांतल्या नेहमीसारखी. मला बघायचं होतं.

एक वाजता मी अण्णांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. या खेपेस समोरच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि चोरी पकडलेल्या मुलासारखी मान खाली घातली.

"असू दे, अण्णा. मला माहीत आहे."

"नमस्कार, मी हर्षाली धनवडे."

पहिलं वाक्य संपलं. अण्णांची छाती भरायला निघाली. हर्षाली थांबलीच नाही, तशीच पुढे वाचत गेली. छाती अर्ध्यावर अडकून वाट बघत राहिली. दोन शब्दांनंतर हर्षाली थांबली, सूं केलं, तेव्हा अण्णा आधीच श्वास सोडत होते; तो मधेच ओढायला गेले आणि नळीत घरघर झाली. ब्याण्णव. नव्वद. पाचव्या बातमीला खोकला आला तो राहीना. यमुनामावशी पाठ चोळत होत्या. सत्त्याऐंशी. पंच्याऐंशी. मी उठून पडदा बंद करायला गेले.

अण्णांनी हात वर केला. "राहू दे."

"त्रास होतोय तुम्हाला."

"तिला... होतोय." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "पोर... आजारी आहे का?"

मी परत खुर्चीत बसले. बातमीपत्र संपलं. यमुनामावशी पाणी आणायला गेल्या. अण्णांचा दम खाली बसायला बराच वेळ लागला. मग ते म्हणाले, "ओळखतेस ना? विचार तिला."

इतके दिवस मनात होतं तेच तोंडून निघालं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान आवाजात. "तुम्ही माझं बघणं का सोडलंत?"

त्यांनी नाकातली नळी नीट बसवली. मला वाटलं, उत्तर द्यायला श्वास पुरत नाहीये.

"तुझ्या वेळी," ते म्हणाले, "श्वास... धरून बसायचो."

"का?"

"अडखळशील म्हणून."

"मी बावीस वर्षांत अडखळले नाही, अण्णा."

"पहिल्या दिवशी... अडखळलीस." त्यांनी दम घेतला. "तेव्हापासून. तीस मिनिटं... धरून. संपलं की... सोडायचो. तेव्हा दम होता... चालायचं. आता छाती... पुरत नाही."

"आणि हिच्या वेळी?"

"ती परकी. तिची... काळजी नव्हती. नुसतं... ऐकायचं." थोडं थांबून म्हणाले, "आता तिचीही... लागली."

मी खुर्चीतून उठले आणि खाली, पलंगाच्या कडेला जमिनीवर बसले. पडद्याने दर दुपारी त्यांची छाती मोजली होती. ती न हलणारी छाती बघून त्याने नोंद केली होती की या घराचा माझ्यावर विश्वास नाही. मीही तेच वाचलं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. रेघ कशी उचलली, कुठे ठेवली. किती दिवस. लाडूचंही सांगितलं. सांगताना माझाच श्वास मला ऐकू येत होता, आणि तो लपवायचं सुचलं नाही.

अण्णा रागावले नाहीत. रागवायलाही वारा लागतो.

"दिंडोरीला," ते म्हणाले, "एक दगड... चुकीचा रोवला मी. हद्दीचा. नऊ हात."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. "मुद्दाम?"

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. म्हणजे हो. "त्या माणसाचा... हेवा होता. विहिरीला पाणी... लागलं होतं त्याच्या."

"मग?"

"चार दिवसांनी... गेलो. आधी त्याच्याकडे. मग... कचेरीत."

"आधी कचेरीत का नाही?"

"कचेरीत आधी सांगितलं की... कागद होतो. माणूस... तसाच राहतो." ते थांबले. "जाशील?"

"सोमवारी ठरणार आहे, अण्णा. माझी खोली जाईल. खोलीच काय, पुन्हा कुठल्याच वाहिनीवर मला कुणी उभं करणार नाही."

"हो," ते म्हणाले. समजूत घातली नाही.

"दिंडोरीच्या माणसाने काय केलं?"

"मारलं."

मला हसू आलं, आणि त्यांनाही. त्यांच्या हसण्याचा खोकला झाला, तो थांबेपर्यंत मी छातीवर हात ठेवून बसले. हाताखाली बरगड्या पक्ष्याच्या लागाव्यात तशा लागत होत्या. मग त्यांनी माझा हात धरला. पकड अजून साखळी ओढणाऱ्या माणसाची आहे.

"आज," ते म्हणाले. "शब्द दे."

"दिला."

मी उठले. हर्षालीच्या एकोणीस प्रती कपाटातून काढल्या, मूळ मजकूर आणि मी हलवलेल्या खुणा दोन्ही दिसतील अशा, आणि पिशवीत घातल्या. ती पाथर्डी फाट्याला भाड्याने राहते, घर मला माहीत होतं. एकदा सत्यनारायणाला बोलावलं होतं तिने आणि मी बरं नाही म्हणून कळवलं होतं. ती साडेचारपर्यंत घरी पोचते. फोन करावा असं आलं मनात. फोनवर माझा आवाज फार चांगला लागतो, म्हणून केला नाही.

दारात यमुनामावशी भेटल्या.

"आता कुटं निघाल्या? ताटात वाढलंय तुमच्या."

"हर्षालीकडे जाऊन येते. अण्णांना पाच वाजता वाफ द्या."

"हर्षाली म्हंजी ती? आपली, बातम्यावाली?"

'आपली' हा शब्द मला अजूनही बोचला. बोचू दिला. "हो," म्हटलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि कठडा धरून जिना उतरू लागले.